विंडोज ७ च्या जुन्या पीसीवर ग्राफिक्स ड्रायव्हर टाकायचाय? "लेटेस्ट" शोधू नका, "शेवटचा बरोबर" शोधा

सोलापुरात विंडोज ७ अजून किती ठिकाणी चालू आहे ते बघायचं असेल तर नवी पेठेतल्या कुठल्याही रिपेअरिंगच्या दुकानात तासभर बसा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या डिझाइन रूम, डीटीपीवाले, फ्लेक्सवाले, लग्नपत्रिका छापणारे, सगळ्यांकडे एखादा तरी डबा असतोच. आणि हे लोक हौसेनं जुनं वापरत नाहीत हो. जॅकार्डचं डिझाइन सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे पीसीला लावायच्या चावीवर चालतं आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती वस्तू ओळखून चालवता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, विंडोज १० वर बसत नाही, कुणाचा कटिंग प्लॉटर जुना आहे, कुणाच्या जुन्या मराठी फॉन्टमधल्या वर्षानुवर्षांच्या फायली आहेत ज्या नव्या मशीनवर उघडल्या की नुसते चौकोन दिसतात. त्यामुळं "नवीन पीसी घ्या की" हे उत्तर प्रत्येकाला लागू पडत नाही, आणि ज्याला पडत नाही त्याच्यासाठी हे लिहितोय.

तक्रार साधारण एकच असते, "ओ, विंडोज परत मारलं आणि आता अक्षरं मोठी मोठी दिसालीत, स्क्रीन ताणल्यासारखी झालीय, कोरल उघडलं की माउस अडकालाय." म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेला नाही, विंडोज आपल्या कामचलाऊ ड्रायव्हरवर चाललंय. मग माणूस गुगलवर "लेटेस्ट ग्राफिक्स ड्रायव्हर" टाकतो, पहिलंच मोठं हिरवं बटण दाबतो, आणि तिथून खरा घोळ सुरू होतो.

मुद्दा असा आहे की जुन्या विंडोजसाठी लेटेस्ट ड्रायव्हर नावाची गोष्टच राहिलेली नाही. विंडोज ७ आलं ऑक्टोबर २००९ मध्ये, मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला बंद केला, पैसे भरून मिळणारे जादा सिक्युरिटी अपडेटसुद्धा जानेवारी २०२३ मध्ये संपले. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांनीही मग एकेक करून हात काढून घेतला. तुमच्या कार्डासाठी, तुमच्या विंडोजसाठी एक शेवटचा ड्रायव्हर निघालेला आहे, त्याच्यापुढं काही येणार नाही. तो एकच शोधायचा, बरोबर बसवायचा आणि पेनड्राइव्हवर जपून ठेवायचा, एवढंच काम आहे.

अजून एक आधीच सांगतो. सगळं नीट चाललं असेल, रिझोल्यूशन बरोबर असेल, सॉफ्टवेअर अडकत नसेल, तर ड्रायव्हरला हात लावू नका. नव्या पीसीवर महिन्याला ड्रायव्हर अपडेट करायची सवय ठीक आहे, जुन्यावर कारण असल्याशिवाय काही करायचं नाही. कारण म्हणजे काय, तर विंडोज नव्यानं टाकलंय, कार्ड बदललंय, डिस्प्ले मध्येच काळा होऊन परत येतो, किंवा एखादं सॉफ्टवेअर स्वतःच सांगतंय की ड्रायव्हर जुना आहे.

आणि ते "तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करा" म्हणणारे प्रोग्रॅम, ते टाकूच नका, कितीही चांगले दिसले तरी. कार्डाचा नेमका प्रकार न बघता अंदाजानं ड्रायव्हर टाकणारे त्यात भरपूर आहेत, सोबत दोन-चार नको ते प्रोग्रॅम येतात, आणि पैसे मागतात ते वेगळंच.

आधी कार्ड ओळखा

इथं घाई करू नका, पुढचं सगळं याच्यावर अवलंबून आहे. स्टार्टमध्ये कम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथं तीन गोष्टी बघून कागदावर लिहा: विंडोज ७ ची कुठली एडिशन, खाली सर्व्हिस पॅक १ लिहिलंय का, आणि सिस्टिम टाइप ३२-बिट की ६४-बिट. सर्व्हिस पॅक १ नसेल तर तो आधी टाकावा लागेल, त्याशिवाय पुढचं काही बसणार नाही. आता त्याच खिडकीत डावीकडं डिव्हाइस मॅनेजर दिसेल तो उघडा, डिस्प्ले अडॅप्टर्स वर क्लिक करा. नाव दिसलं तर छान, पण ड्रायव्हर नसेल तर तिथं नुसतं "स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स अडॅप्टर" असं दिसतं, किंवा खाली पिवळ्या खुणेसकट "व्हिडिओ कंट्रोलर" दिसतं. घाबरायचं कारण नाही. त्याच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स टॅब, आणि वरच्या ड्रॉपडाउनमध्ये "हार्डवेअर आयडीज" निवडा. पहिल्या ओळीत व्हेन आणि डेव्ह असे दोन तुकडे दिसतील, प्रत्येकाच्या पुढं चार अक्षरं. व्हेनच्या पुढं १०डीई असेल तर कार्ड एनव्हिडियाचं, १००२ असेल तर एएमडीचं म्हणजे जुनं एटीआय, ८०८६ असेल तर इंटेलचं बोर्डातलं ग्राफिक्स. डेव्हच्या पुढची चार अक्षरं म्हणजे नेमकं मॉडेल. ही दोन्ही एकत्र सर्चमध्ये टाकली की कुठली चिप आहे ते कळतं.

कार्डाच्या खोक्यावर छापलेलं नाव आहे की, मग एवढं कशाला, असं विचारतात. तर जीटी ७३० हे कार्ड घ्या, जुन्या बाजारात सगळीकडं मिळतं. याच नावाखाली एनव्हिडियानं दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्यात, एक जुनी फर्मी, एक नवी केप्लर. डेव्हच्या पुढं ०एफ०२ असेल तर फर्मी, १२८७ असेल तर केप्लर. दोघांचा शेवटचा ड्रायव्हर वेगळा आहे. केप्लरचा ड्रायव्हर फर्मीवर चालवला की इन्स्टॉलर सरळ सांगतो की जुळणारं हार्डवेअर सापडलं नाही, आणि माणूस म्हणतो कार्ड खराब आहे, बदलून द्या. एएमडीतही तसंच, आर५ २३० हे नाव ऐकून नवीन वाटतं पण आत चिप एचडी ६४५० चीच आहे, तेव्हा ड्रायव्हरही तिचाच लागणार.

ऑनलाइन फारच स्वस्तात घेतलेलं कार्ड असेल तर जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट टूल आहे ते एकदा चालवून बघा. जुन्या चिपचा बायोस, म्हणजे कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून नव्या नावानं विकलेली कार्डं बाजारात आहेत, त्यांच्या नावापुढं ते टूल "फेक" असं दाखवतं. असं कार्ड निघालं तर ड्रायव्हरच्या मागं वेळ घालवू नका, कार्ड परत करा.

कुणाला कुठला ड्रायव्हर

एनव्हिडियाचं आधी सांगतो कारण आपल्याकडं डिझाइनच्या मशीनमध्ये तेच जास्त दिसतं. खूप जुनी कार्डं, म्हणजे ८४००, ९४००, ९५००, जीटी २१० या काळातली, त्यांचा शेवटचा ड्रायव्हर ३४२.०१, डिसेंबर २०१६ चा. त्याच्यानंतरची फर्मी, म्हणजे जीटी ४३०, ४४०, जीटीएस ४५०, जीटीएक्स ५५० टीआय, जीटी ६१०, आणि ती फर्मीवाली ७३०, यांच्यासाठी ३९१.३५, मार्च २०१८ चा. केप्लर आणि त्याच्यापुढची, म्हणजे जीटी ७१०, केप्लरवाली ७३०, जीटीएक्स ६५०, ७५० टीआय, १०५० टीआय वगैरे, यांना विंडोज ७ वर ४७० च्या सिरीजपर्यंत येता येतं. गेम रेडी म्हणून, म्हणजे नेहमीचा पूर्ण ड्रायव्हर म्हणून आलेला शेवटचा ४७२.१२, सप्टेंबर २०२१ चा. ऑक्टोबर २०२१ पासून एनव्हिडियानं विंडोज ७ आणि ८.१ साठी गेम रेडी ड्रायव्हर बंद केले, त्यानंतर फक्त सिक्युरिटीची दुरुस्ती द्यायचं ठरवलं आणि तेही सप्टेंबर २०२४ पर्यंतच. त्यामुळं ४७४, ४७५ नंबरचे जे दिसतात ते हेच दुरुस्तीचे. माझं मत विचाराल तर तुमच्या कार्डाच्या नावानं साइटवर जो सगळ्यात वरचा नंबर मिळतो तो घ्या, पण त्यानं काही त्रास दिला तर ४७२.१२ वर या.

यात एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. विंडोज ३२-बिट असेल तर कार्ड केप्लर असो की १०५० टीआयसारखं पास्कल पिढीचं, ३९१.३५ च्या पुढं जाता येत नाही, कारण एनव्हिडियानं त्याच्यानंतर ३२-बिटचे ड्रायव्हर काढणंच थांबवलं. आणि आपल्याकडं दोन जीबी, चार जीबी रॅमच्या मशीनवर ३२-बिट विंडोज टाकून दिलेलं असतं. म्हणून वर म्हटलं की सिस्टिम टाइप कागदावर लिहा.

एएमडीचं असं आहे. एचडी ४३५०, ४५५०, ४६५० वगैरे म्हणजे २०००, ३०००, ४००० च्या मालिका, त्यांना कॅटॅलिस्ट १३.९. एचडी ५४५०, ६४५०, ६५७० म्हणजे ५००० आणि ६००० च्या मालिका, शिवाय नाव बदललेली आर५ २३० सारखी, त्यांना कॅटॅलिस्ट १५.७.१, जुलै २०१५ चा. त्याच्यापुढं २०१६ मध्ये क्रिमसन १६.२.१ नावाचा एक बीटा, म्हणजे चाचणीचा ड्रायव्हर, निघाला होता. कामाच्या मशीनवर मी १५.७.१ च सुचवेन कारण तो तपासून सही झालेला आहे, बीटा फक्त अडलं तरच. एचडी ७७५० पासून पुढं, आर७ २४०, २५०, आरएक्स ५५०, ५६० यांना ६४-बिट विंडोज ७ वर अॅड्रेनलिन २१.५.२. जून २०२१ मध्ये एएमडीनं विंडोज ७ लाच रामराम केला. आणि ३२-बिटवाल्यांचं इथंही तेच दुखणं, २०१८ नंतरचे ड्रायव्हर त्यांना मिळत नाहीत.

इंटेलचं बोर्डातलं ग्राफिक्स असेल तर प्रोसेसरची पिढी बघायची. एच६१ बोर्ड आणि त्यावर दुसऱ्या पिढीचा आय३, हे तर सोलापुरातलं सगळ्यात ठरलेलं मशीन. त्याच्या एचडी २००० ला १५.२८ सिरीजचा ड्रायव्हर, डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा नंबर ९.१७ नं सुरू होतो, शेवटचा ४४५९ नं संपतो. तिसऱ्या पिढीला, म्हणजे एचडी २५०० आणि ४००० ला, १५.३३. चौथ्या पिढीला १५.३६. सहाव्या पिढीला १५.४५. सातव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवर विंडोज ७ चालवायला मायक्रोसॉफ्टनंच नकार दिलाय, त्यामुळं तिथं ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही, त्या मशीनवर विंडोज १० टाका. आणि जी३१, जी४१ बोर्डवाले, तुमच्यासाठी सांगतो, तुमचं ग्राफिक्स त्या प्रोसेसर पिढ्यांच्याही आधीचं आहे, जो मिळेल तो बोर्ड कंपनीच्या पानावरचा विंडोज ७ चा ड्रायव्हर टाका आणि रिझोल्यूशन बरोबर आलं की थांबा. त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका.

विंडोज एक्सपीवर चालणारं कार्ड-पंचिंगचं वगैरे मशीन असेल आणि डिस्प्ले दिसतोय, काम होतंय, तर त्याला काहीही करू नका. हार्ड डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी कॉपी, काढून ठेवा, ते ड्रायव्हरपेक्षा महत्त्वाचं आहे.

डाउनलोड कुठून आणि कसं

कंपनीच्या साइटवरून. एनव्हिडियाच्या ड्रायव्हर पानावर प्रॉडक्ट टाइप, सिरीज, मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिम निवडायचं, त्यात विंडोज ७ नीट निवडा, नाहीतर विंडोज १० चा येतो आणि तो इथं बसत नाही. एएमडीच्या साइटवर मॉडेल निवडलं की खाली विंडोज ७ ३२ आणि ६४ वेगवेगळं दिसतं. इंटेलनं बरेच जुने डाउनलोड आपल्या साइटवरून काढून टाकलेत, त्यामुळं तिथं नाही मिळालं तर बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावर बघा. लॅपटॉप असेल तर मी उलटंच सांगेन, आधी लॅपटॉप कंपनीचा ड्रायव्हर, मग बाकीचं. ज्या लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एएमडी अशी दोन ग्राफिक्स एकत्र असतात तिथं चिप कंपनीचा साधा ड्रायव्हर टाकला की काळी स्क्रीन येते, हे फार होतं.

आता गंमत अशी की ज्या मशीनवर ड्रायव्हर टाकायचा त्यावर ही पानं उघडतच नाहीत. विंडोज ७ बरोबर येणारं इंटरनेट एक्सप्लोरर ८ आजच्या साइटशी बोलू शकत नाही. क्रोमचं विंडोज ७ वर चालणारं शेवटचं व्हर्जन १०९, जानेवारी २०२३ चं, आणि फायरफॉक्सचं ११५ ईएसआर. यातलं काही नसेल तर भांडत बसू नका, दुसऱ्या पीसीवर किंवा मोबाइलवर डाउनलोड करा आणि पेनड्राइव्हनं किंवा डेटा केबलनं फाइल आणा.

ब्राउझर असूनही प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची चूक दाखवत असेल तर आधी खाली उजवीकडं तारीख बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख मागं जाते, आणि तारीख चुकली की कुठलीच सुरक्षित साइट उघडत नाही. सीआर२०३२ नंबरचा सेल, घड्याळाच्या दुकानातही मिळतो, तो बदला आणि तारीख नीट करा.

फाइल आल्यावर तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स टॅब बघा. कंपनीचं नाव तिथं दिसलं पाहिजे. तो टॅबच नसेल किंवा भलतंच नाव असेल तर फाइल डिलीट. हे दहा सेकंदांचं काम आहे आणि कुठून तरी उचललेली संशयास्पद फाइल बऱ्याचदा त्यानं पकडली जाते.

ती दोन अपडेट, जी नसली तर सगळं फुकट

इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. ड्रायव्हर बरोबर, बिट बरोबर, इन्स्टॉल पण झाला, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण, "कोड ५२, विंडोज डिजिटल सिग्नेचर तपासू शकत नाही." कारण असं की ड्रायव्हरवर कंपनीची डिजिटल सही असते, पूर्वी ती शा-१ पद्धतीची असायची, नंतरच्या फायलींवर फक्त शा-२ ची असते. विंडोज ७ ची नुसती सीडी मारलेली असेल तर त्याला शा-२ ओळखताच येत नाही. बँकेतल्या कारकुनाकडं सहीचा नवा नमुनाच आला नाही तर तो चेक परत पाठवणार, मग सही कितीही खरी असू दे, तसंच हे. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं यासाठी दोन अपडेट दिली, केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९. दोन्ही मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगच्या साइटवरून घ्यायची, आपल्या ३२ किंवा ६४-बिटप्रमाणं. कॅटलॉगमध्ये ३२-बिटला एक्स८६ आणि ६४-बिटला एक्स६४ म्हणतात. त्याच नावाखाली सर्व्हर आणि एम्बेडेडच्या फायली पण येतात, त्या नकोत. आधी ४४९०६२८ टाका, रीस्टार्ट, मग ४४७४४१९, परत रीस्टार्ट. सर्व्हिस पॅक १ शिवाय ही बसत नाहीत. नवीन विंडोज ७ मारलं की ड्रायव्हरच्या आधी ही दोन टाकायची सवयच लावून घ्या.

कोणी सांगेल की एफ८ दाबून "डिसेबल ड्रायव्हर सिग्नेचर एन्फोर्समेंट" करा, चालतंय. चालतंय, पण त्या एका वेळेपुरतंच. दुसऱ्या दिवशी कारखान्यातला पोरगा साधा चालू करणार आणि डिस्प्ले परत गेलेला. कायमचा इलाज ही दोन अपडेटच.

एएमडीच्या इन्स्टॉलरला आणि पुढं सांगतो त्या साफसफाईच्या टूलला डॉटनेट फ्रेमवर्क ४ च्या पुढचं लागतं, ते पण पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.

टाकायच्या आधी

यूपीएस. मे महिन्यात इथं लाइटचा काय भरवसा, आणि ड्रायव्हर बसताना मध्येच लाइट गेली तर विंडोज अर्धवट अडकतं. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर सकाळी लवकर बसा, पण मधल्या वेळी रिस्क घेऊ नका.

मग रीस्टोर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज परत आजच्या स्थितीत आणायची सोय. कम्प्युटर, प्रॉपर्टीज, सिस्टिम प्रोटेक्शन, क्रिएट. नाव तारखेसकट द्या. त्याच्यानंतर सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हरस्टोअर, त्याच्या आत फाइलरिपॉझिटरी नावाचं फोल्डर आहे, ते अख्खं कॉपी करून दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. आत्ता मशीनमध्ये असलेले सगळे ड्रायव्हर त्यात असतात, प्लॉटरचा, डोंगलचा, साउंडचा. उद्या विंडोज परत मारायची वेळ आली आणि एखादा ड्रायव्हर कुठंच मिळत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून याच फोल्डरकडं बोट दाखवलं की तो सापडतो. ज्या प्लॉटरची सीडी केव्हाच हरवलीय त्याच्यासाठी हे फोल्डर सोन्यासारखं आहे.

नेटची वायर काढा. विंडोज कधीकधी मधूनच स्वतःचा जुना ड्रायव्हर ओढून बसवतं आणि तुमचा बाजूला राहतो. ते कायमचं थांबवायचं असेल तर डिव्हायसेस अँड प्रिंटर्स मध्ये आपल्या कम्प्युटरच्या चित्रावर राइट क्लिक, डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज, तिथं "नो" निवडून "नेव्हर इन्स्टॉल" करून सेव्ह करा.

जुना काढा, नवा बसवा

आधीचा ड्रायव्हर त्याच कंपनीचा आणि ठीक असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या प्रोग्रॅम्स अँड फीचर्स मधून काढला तरी पुरतं. कार्डाची कंपनीच बदलली असेल, एएमडी काढून एनव्हिडिया बसवलंय वगैरे, किंवा आधी कोणी तीन-चार ड्रायव्हर एकावर एक टाकून ठेवलेत, तर मग डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, ज्याला सगळे डीडीयू म्हणतात, ते वापरा. चालू करताना एफ८ दाबत राहा, सेफ मोड निवडा, डीडीयू चालवा, कंपनी निवडा, क्लीन अँड रीस्टार्ट. रीस्टार्ट झाल्यावर स्क्रीन मोठी, भोंगळ दिसेल, ते बरोबर आहे.

आता इन्स्टॉलर. एनव्हिडियाच्यात एक्सप्रेस न घेता कस्टम घ्या, "क्लीन इन्स्टॉलेशन" वर टिक करा, जीफोर्स एक्सपिरियन्स आणि थ्रीडी व्हिजनच्या टिक काढा, कामाच्या मशीनला त्यांचा उपयोग नाही, रॅम मात्र खातात. एचडीएमआयनं टीव्ही किंवा आवाजाचा मॉनिटर जोडला असेल तरच एचडी ऑडिओ ठेवा. एएमडीचा इन्स्टॉलर आधी सी ड्राइव्हमध्ये एएमडी नावाच्या फोल्डरमध्ये फायली उघडतो. पुढं तो अडकला, चूक दाखवली, तरी फायली तिथं असतातच, मग डिव्हाइस मॅनेजर, अपडेट ड्रायव्हर, "ब्राउझ माय कम्प्युटर", आणि ते फोल्डर दाखवा, बहुतेक वेळा ड्रायव्हर बसतो. इंटेलच्या इन्स्टॉलरनं "हा ड्रायव्हर या कम्प्युटरसाठी तपासलेला नाही" असं म्हटलं तर झिप फाइल घ्या, उघडा, आणि याच रीतीनं हातानं बसवा.

मध्ये स्क्रीन एक-दोनदा काळी होईल, थांबा, बटण दाबून बंद करू नका. झालं की रीस्टार्ट.

बसला की नाही बघायचं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं पूर्ण नाव दिसलं पाहिजे, पिवळी खूण नको. ड्रायव्हर टॅबमध्ये व्हर्जन बघा. एनव्हिडियाचा नंबर तिथं वेगळाच दिसतो म्हणून लोक गोंधळतात, २३.२१.१३.९१३५ असं काहीतरी, तर त्यातले शेवटचे पाच आकडे घ्या, ३९१३५, म्हणजेच ३९१.३५. मग डेस्कटॉपवर राइट क्लिक, स्क्रीन रिझोल्यूशन, आणि मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन निवडा, १३६६ गुणिले ७६८ किंवा १९२० गुणिले १०८० जे असेल ते. अक्षरं अजूनही पुसट असतील तर बहुतेक हेच राहिलेलं असतं. आणि नवीन कार्ड बसवलं असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला आहे की बोर्डालाच राहिलीय ते मागं वाकून बघा, हसू नका, रोज होतं हे.

काळी स्क्रीन आली तर

विंडोजचा लोगो येतो आणि मग काहीच नाही. परत चालू करून एफ८, त्यात "लो रिझोल्यूशन व्हिडिओ" नावाचा पर्याय आहे, त्यानं डिस्प्ले येतो. मग डिव्हाइस मॅनेजर, ड्रायव्हर टॅब, रोल बॅक. ते बटण फिकट असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर काढा. तेही नाही जमलं तर एफ८ मध्येच "रिपेअर युवर कम्प्युटर", तिथून सिस्टिम रीस्टोर, आणि आपण केलेला पॉइंट. म्हणूनच तो करायला सांगितला.

कोड ४३ दाखवत असेल आणि बरोबर ड्रायव्हर टाकूनही जात नसेल तर कार्ड काढून दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा, तिथंही तेच आलं तर कार्डच गेलंय.

"डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पाँडिंग अँड हॅज रिकव्हर्ड" हा मेसेज वेगळा. कार्डानं दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर परत चालू करतं, तेव्हा हा येतो. नावात ड्रायव्हर आहे म्हणून सगळे ड्रायव्हर बदलत बसतात, पण आपल्या भागात याचं कारण बऱ्याचदा उष्णता असतं. लूमच्या शेजारच्या खोलीतला पीसी उघडा, हीटसिंकमध्ये सुताच्या बारीक धुरळ्याची अख्खी गादी बसलेली असते, पंखा फिरतोय पण हवा जातच नाही. आणि बाहेर मे मधलं चाळीस-बेचाळीस डिग्री. ब्लोअरनं साफ करा, पंखा बोटानं धरून मारा, नाहीतर वेगानं फिरून त्याची बेअरिंग जाते, जुनी पेस्ट वाळली असेल तर बदला. त्यानंतरही मेसेज येत असेल तर एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय बघा, स्वस्तातल्या एसएमपीएसवर कार्डाला पुरेसा करंट मिळत नाही. हे दोन्ही झाल्यावर मग ड्रायव्हर.

क्रोम उघडल्यावरच अडकत असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर क्रोमच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अॅक्सेलरेशन बंद करून बघा, जुन्या इंटेल ग्राफिक्सवर त्यानं फरक पडतो. आणि डायरेक्टएक्स १२ मागणारे नवीन गेम पोरांना चालवायचे असतील तर त्यांना समजावून सांगा, ड्रायव्हर कितीही नीट बसवला तरी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, विंडोज ७ वर ते होणार नाही.

विंडोज बदलायचंच म्हणाल तर विंडोज १० चाही नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० म्हणजे सुरक्षेची चिप आणि बराच नवा प्रोसेसर लागतो, एच६१ वर ते सरळ मार्गानं बसत नाही. म्हणून मी डिझाइन रूमवाल्यांना सांगतो, डोंगलचं मशीन विंडोज ७ वरच राहू द्या पण ड्रायव्हरचं काम झाल्यावर नेटची वायर परत लावू नका. बँकेचं, जीएसटीचं, मेलचं काम दुसऱ्या मशीनवर करा, फायली पेनड्राइव्हनं न्या-आणा आणि पेनड्राइव्ह नव्या मशीनवर स्कॅन करून मगच इकडं लावा. एका फोल्डरमध्ये ड्रायव्हरची फाइल, ती दोन केबी, डॉटनेट, डीडीयू आणि फाइलरिपॉझिटरीची कॉपी असं सगळं ठेवा, दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर, आणि कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून त्यावर कार्डाचं मॉडेल, डेव्हची चार अक्षरं, विंडोज किती बिट आणि ड्रायव्हरचा नंबर लिहा. पुढच्या वेळी मशीन उघडणारा तुम्ही नसाल कदाचित, दुसरंच कोणी असेल.